खोकला दाबू नकोस

प्रिय मुली,

होस्टेलवर खोकल्याची उबळ आली की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतेस, हे वाचून पोटात तुटलं. मीही कित्येक वर्षं लग्नकार्यात तोंडात पदर कोंबून बसले आहे.

आधी हे पक्कं समजून घे. तुझ्या रिपोर्टवर आलेले एनटीएम, म्हणजे नॉनट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया, हे टीबीच्याच कुळातले पण टीबी न करणारे जंतू. ते मातीत, पाण्यात, नळाच्या पाइपात राहतात आणि साधारणपणे एका माणसापासून दुसऱ्याला होत नाहीत. तुझ्या मैत्रिणींना तुझ्यापासून लपायचं कारण नाही, तुलाही त्यांच्यापासून नाही. घोटाळा होतो तो थुंकीच्या साध्या तपासणीत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जंतू सारखेच लाल दिसतात. त्यातूनच मला आठ महिने टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या. पुढे सीबीनॅट, म्हणजे टीबीच्याच जंतूची जनुकं शोधणारी तपासणी, निगेटिव्ह आली, कल्चर केलं, म्हणजे थुंकीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहिले, तेव्हा कुठे मायकोबॅक्टेरियम एव्हियम हे माझ्या एनटीएमचं नाव कळलं. ते आठ महिने आजही सलतात.

म्हणून म्हणते, खोकला दाबू नकोस. हा आजार असलेल्या आपल्यासारख्यांच्या फुफ्फुसातल्या नळ्या रुंदावलेल्या असतात, कफ तिथे साचतो आणि जंतूंचं फावतं. 1992 साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी या आजाराच्या वयस्क बायकांबद्दल लिहिलं होतं, की चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून खोकला गिळल्यामुळे तर हे होत नसेल? तो त्यांचा अंदाजच होता, सिद्ध झालेला नाही. पण वाचताना मला माझा पदर आठवला. मी रोज सकाळी मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने घेते, मग फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे 'हाः हाः' करत वीस मिनिटं कफ काढते. परगावी गेले तरी हे चुकवत नाही.

औषधं लगेच सुरू केली नाहीत म्हणून तू डॉक्टरांवर चिडली आहेस. चिडू नकोस. हा जंतू पाण्यातलाच, त्यामुळे एका नमुन्यात सापडला म्हणजे आजार झालाच असं नाही. थुंकीची दोन कल्चर, सीटी स्कॅन आणि तुझा त्रास, सगळं जुळवून बघावं लागतं. कल्चरला सहा आठवडेही लागतात. शिवाय उपचार लांबलचक असतात. माझ्यासारख्या आजारात तीन औषधं एकत्र, आणि कल्चर निगेटिव्ह आल्यावर पुढे बारा महिने. कुणी नुसती अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून दिली तर घेऊ नकोस, आधी तुझ्या छातीच्या डॉक्टरांना विचार. एकट्या गोळीला जंतू सरावतो, मग हाताशी फारसं काही उरत नाही. त्या तिनातल्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होईल, घाबरू नकोस. इथॅम्ब्युटॉल चालू असताना मात्र लाल-हिरव्या रंगांत गोंधळ वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

तुझ्या रिपोर्टवर नुसतं 'एनटीएम' आहे. त्यात पुष्कळ जाती येतात आणि औषधं जातीप्रमाणे बदलतात. लॅबमधून पूर्ण नाव मागून घे आणि मला कळव.

तुझी,
मावशी