गणपतीला कोणीच आलं नाही, आता दिवाळी कशी करू?

पत्र थोडक्यात असं आहे: "मावशी, जूनमध्ये आम्ही पुणं सोडून खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहायला आलो. मिस्टरांना बेळगावात उद्यमबागला नोकरी लागली आणि त्यांनी गावातलं जुनं कौलारू घर घेतलं, मला सांगितलं ते व्यवहार झाल्यावर. गणपतीला गावच्या ग्रुपवर 'सर्वांनी दर्शनाला यावे' म्हणून मेसेज टाकला, 21 मोदक केले, आली दोन माणसं. शेजारची बाई कन्नड बोलते, मला एक शब्द येत नाही. 8 वर्षांचा मुलगा पुण्यातल्या मित्रांसाठी रडतो. आई म्हणते दिवाळीला इकडेच ये, भाऊ पण आहे. मिस्टर म्हणतात नव्या घरात पहिली दिवाळी झालीच पाहिजे. रोज वाद. काय करू?"

अगं, ते 21 मोदक वाचून पोटात कालवलं बघ. पण तुझ्या गावाची बाजू पण ऐक. आपल्याकडे मेसेजला कोणी बोलावणं म्हणत नाही. हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उंबऱ्यात जाऊन "आरतीला या हं" म्हटलं की ते बोलावणं, नाहीतर बायका म्हणतात नवीन लोक आहेत, न बोलवता कसं जायचं, आणि त्या घरात तुझी वाट बघत बसतात आणि तू तुझ्या घरात त्यांची. मी लग्न करून साताऱ्याकडून बेळगाव तालुक्यातल्या गावात आले तेव्हा माझंही हेच झालं, दोन महिने मला वाटायचं ही माणसं शिष्ट आहेत, आणि त्यांना वाटायचं ही शिष्ट आहे.

म्हणून दिवाळीपर्यंत थांबू नको. नवरात्र तोंडावर आहे. गावदेवीची ओटी भरून ये, खण-नारळ ने आणि पुजाऱ्याला सांग आम्ही अमक्याच्या घरात राहायला आलोय, गाऱ्हाणं घाला. खरंतर हे घरात पाऊल टाकलं तेव्हाच व्हायला पाहिजे होतं, पण तुला सांगणारं कोणी नव्हतं. देवळात बायका असतातच, त्या विचारणार कुठल्या गं तुम्ही, माहेर कुठलं, मुलं किती. कंटाळू नको, सगळं सांग.

मग दसरा. सोनं द्यायला फक्त मराठी घरं बघत फिरू नको, शेजारच्या बाईकडे पहिली जा. कन्नडमध्ये त्या दिवशी म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण", म्हणजे आपलंच की, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. एवढं एक वाक्य पाठ कर. चुकलं तर त्या हसतील आणि दुरुस्त करतील, आणि त्या तुला "बर्री, कूडरी" म्हणाल्या की समज या, बसा म्हणतायत, आणि खरंच बस, दारातनं पळू नको. भाषेचा वाद इथं 1956 पासूनचा आहे, मला त्याचं दुःख आहे आणि तुलाही इथं राहून ते कळेलच, पण रात्री मुलाला ताप आला तर पहिली धावणारी तीच बाई आहे.

कोजागिरीचं आणि एक. आपण आटीव दूध पितो ना, त्याच दिवशी इकडे शीगी हुण्णिमे असते, शेतकरी घरातली माणसं शेतात जाऊन काळ्या आईला नैवेद्य देतात आणि चरग, म्हणजे त्या नैवेद्यातलंच अन्न, शेतभर शिंपडतात. पीक पोटुशी असतं त्या दिवसांत, तर ते भुईचं डोहाळजेवणच म्हण की. कोणाचं शेत असेल त्यांना विचार, आम्ही आलो तर चालेल का. नाही म्हणणारं घर मी तरी बघितलं नाही. शेतात बसून भाकरी, शेंगाची चटणी खाऊन आलीस की ओळख आपोआप होते.

मुलाचं सांगते. त्याला किल्ला करू दे. अंगणात लाल माती आहे, दगड आहेत, पुण्यातल्या सोसायटीत असला किल्ला कधी झाला नसता. दिवाळीच्या आठ दिवस आधी सुरू करायचा, मोहरी किंवा हळीव पेरायचा म्हणजे हिरवळ येते. तू किंवा मिस्टरांनी पूर्ण करून देऊ नका हं, अर्धा राहू दे, कारण अर्धा किल्ला बघून गल्लीतली पोरं थांबतात, बुरूज असा नाही रे असा म्हणतात आणि हात घालतात. मावळे आणि पणत्या कुंभाराकडूनच आणा, खानापूरची माती त्यासाठी पहिल्यापासून नावाजलेली आहे.

आता दिवाळी कुठे. मला वाटतं हे दिवाळीचं भांडणच नाही. घर घेताना तुला विचारलं नाही ते आत सलतंय, तू पत्रात ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण मी तिथेच थांबले. त्यांचं चुकलं, स्पष्ट सांगते. आणि हे तू त्यांना दसऱ्याच्या आतच सांग, भांडताना नाही, मुलगा झोपल्यावर शांतपणे, की घर वाईट नाही पण मला विचारायला हवं होतं. मनात ठेवून पाडव्याला ओवाळू नको. पुढचं काही ठरवताना दोघं मिळून ठरवू एवढं त्यांच्याकडून घे.

आणि मग नरक चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा नव्या घरात कर, पाडव्याच्या रात्री बेळगावातनं पुण्याची बस धर, भाऊबीज आईकडे. बुकिंग आत्ताच कर, त्या दिवसात जागा मिळत नाही. आईला सांग पुढच्या वर्षी तू इकडे ये.

फराळाचं ताट शेजारी दे. तिकडून करजिकाई येईल, आपली करंजीच ती, कदाचित शेंगाची पोळी पण. ताट धुऊन रिकामं परत करू नको, निदान साखर तरी घाल.

पाडव्याला इकडे दारात शेणाचे पांडव करतात, झेंडू लावून. तुझ्याकडे गाय नाही म्हणजे शेण मागायला जावंच लागेल, आणि मला विचारशील तर ओळखीला यापेक्षा चांगलं निमित्त नाही, कारण मागायला गेलेली बाई परकी वाटत नाही. फक्त आदल्या संध्याकाळीच सांगून ठेव, सकाळी सगळ्यांनाच लागतं.