जुने लेख सुधारले तर गुगलवरची क्रमवारी खरंच वर जाते का?

तुम्ही विचारलंय की लेखनाच्या एका साइटवर तुमचे चाळीसेक लेख आहेत, वर्षभर वाचक घटतायत, तर जुने दुरुस्त करत बसावं की नवीन लिहावं?

वर जाते, पण सगळ्याच लेखांची नाही. मीही अशाच एका साइटवर लिहिते, बहुतेक स्वयंपाकाबद्दल आणि थोडं बचत योजनांबद्दल. पहिल्यांदा उत्साहाच्या भरात मी झाडून सगळे लेख उकरून काढले आणि बरे चाललेले दोन स्वतःच्या हातांनी खाली आणले. त्यामुळे पहिल्या चार-पाच निकालांत दिसणाऱ्या लेखात शुद्धलेखनापलीकडे काही करू नका. मेहनत घ्यायची ती दुसऱ्या-तिसऱ्या पानावर अडकलेल्यांवर.

माझ्या चकलीच्या लेखाचंच सांगते. शीर्षक होतं ‘आठवणीतली चकली’. सुरुवातीचे तीन परिच्छेद आजी, जातं, भाजणीचा वास. लिहिताना माझा गळा दाटून आला होता, पण वाचणारीच्या कढईत त्या वेळी चकली विरघळत होती! खाली प्रतिक्रियांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा : ताई, तेलात सोडली की चकली विरघळते, काय चुकलं? उत्तर लेखात होतं, पण नवव्या परिच्छेदात, तेही कंसात. मी ते उचलून सगळ्यात वर आणलं. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की कडक होते, आणि तेल नीट तापलेलं नसलं की ती तेल पिते. शीर्षक केलं ‘चकली तेलात का विरघळते?’ आजीला काढलं नाही, शेवटी एका परिच्छेदात बसवलं. कडबोळ्यांचा आणि भाजणीचा असे माझेच दोन लेख जवळजवळ तेच सांगत होते, त्यातला भाजणीचा यातच मिसळून टाकला. ह्या एका लेखावर दोन संध्याकाळी गेल्या, पण त्या कारणी लागल्या.

एक फटका मात्र बसला. शीर्षक बदललं तसा त्या साइटने लेखाचा पत्ताही आपोआप बदलला आणि लोकांनी व्हॉट्सअॅपवर फिरवलेली जुनी लिंक उघडेना. म्हणून आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या लेखाचं शीर्षक बदलून बघा. आणि जुना लेख उडवून तोच ‘नवा’ म्हणून टाकू नका, जमलेलं सगळं पाण्यात जातं.

आकड्यांच्या लेखांची गोष्ट वेगळी. पीपीएफवरच्या माझ्या 2019 च्या लेखात व्याज 7.9 टक्के होतं. एप्रिल 2020 पासून ते 7.1 झालं आणि मला पत्ताच नाही! असा लेख दुरुस्त करणं हे क्रमवारीच्या आधी वाचकाचं देणं आहे. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलणारे बरेच दिसतात. त्याने गुगल फसत नाही, आणि वाचक तर पहिल्याच ओळीत ओळखतो.

आणि सगळा दोष स्वतःच्या लेखांना देऊ नका. साइट सामायिक असली की शेजाऱ्याचा कचराही आपल्या अंगणात येतो. फेब्रुवारी 2011 मध्ये गुगलने पांडा नावाचा, सुमार मजकूर खाली ढकलणारा बदल आणला तेव्हा हबपेजेससारख्या, अनेकांनी मिळून लिहिलेल्या साइटी एकदम घसरल्या, चांगलं लिहिणारेही त्यात भरडले गेले. मग हबपेजेसने प्रत्येक लेखकाला वेगळं सबडोमेन, म्हणजे साइटच्याच नावाखाली स्वतःचा वेगळा पत्ता, दिलं. तुमचे सगळेच लेख एकाच आठवड्यात कोसळले असतील तर गडबड बहुधा तुमच्या लेखांत नाही. एकेक करून घसरले असतील तर दुरुस्तीला वाव आहे.

साइट आपली नसल्यामुळे सर्च कन्सोल, म्हणजे लेख गुगलवर कुठे दिसतो ते साइटच्या मालकाला दाखवणारं गुगलचं साधन, आपल्याला बघायला मिळत नाही. मी इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आपला आधीचा शोध न वापरणाऱ्या खिडकीत, वाचक टाइप करेल तसाच प्रश्न टाकते, मराठीत एकदा आणि रोमन लिपीत एकदा, कारण आपल्याकडे निम्मं जग तसंच टाइप करतं. कितवी आले ते वहीत लिहून ठेवते आणि महिनाभर लेखाला हात लावत नाही. रोज थोडं थोडं बदललं तर कशामुळे फरक पडला हे कळत नाही.

सणावारीचे लेख मागच्या महिन्याशी ताडून बघू नका. चकली दिवाळीत वर जाणारच, तिला मागच्या दिवाळीशी ताडा. ती दुरुस्तीही मी श्रावणातच उरकते, नवरात्रात सुरू केली तर गुगलला बदल कळेपर्यंत लोकांचे डबे भरलेले असतात.