संस्थापकाचा विक्षिप्तपणा आणि घरच्यांची धास्ती

‘तो मीटिंगला अनवाणी जातो. दिवसातून एकदाच जेवतो. रात्री तीनला उठून सहकाऱ्यांना आदेश पाठवतो. काही बोललं की म्हणतो, मोठी माणसं अशीच असतात. पण त्यातली कितीतरी मोठी माणसं पुढे तुरुंगातही गेली. याचंही तसंच होईल का?’

सॉफ्टवेअर कंपनी काढलेल्या एका संस्थापकाच्या पत्नीने आमच्याकडे समुपदेशनासाठी आल्यावर विचारलेला हा प्रश्न. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. प्रश्न मात्र बदलायची गरज नाही. संस्थापकांचे आईवडील, भागीदार, सुरुवातीपासून सोबत असलेले कर्मचारी, सगळे याच शब्दांत विचारतात.

या एका प्रश्नात दोन भीती गुंतलेल्या असतात. पहिली आजाराची: याचं डोकं ठिकाणावर आहे ना? दुसरी कायद्याची: याच्यामुळे घरावर संकट येणार का? दोन्हींची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून बाईंना आधी एका कागदावर उभी रेघ मारायला सांगितली. डावीकडे त्याचं वागणं, उजवीकडे कंपनीचे व्यवहार, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती गोष्ट साधारण कधी सुरू झाली तो महिना.

डावी बाजू भराभर भरली. उजवी कोरी राहिली. ‘व्यवहारातलं मला काही कळत नाही,’ त्या म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमची सही कुठे लागते का? ‘मी संचालक आहे, नावापुरती. कागद येतात, मी सही करते.’ पैशाबद्दल घरात बोलणं होतं का? ‘हल्ली तो सांगतो, पैशाचं काही असेल तर आपोआप पुसले जाणारे मेसेज वापर.’ अनवाणी पायांमुळे ज्यांची झोप उडाली होती, त्यांना या दोन गोष्टी सांगण्याइतक्या महत्त्वाच्या वाटल्या नव्हत्या. बहुतेक घरांत असंच होतं. विचित्र वागणं डोळ्यांत भरतं, आणि कागद कपाटात असतात.

प्रसिद्ध खटले नीट पाहिले तर न्यायालयापुढे काय येतं ते स्पष्ट दिसतं. मॅकॅफी या अँटीव्हायरसचे जनक जॉन मॅकॅफी यांचं आयुष्य बंदुका, बेलीझमधलं वास्तव्य, २०१२ मध्ये शेजाऱ्याच्या खुनानंतर ग्वाटेमालात पलायन, अशा प्रसंगांनी भरलेलं होतं. त्या खुनाचा फौजदारी खटला त्यांच्यावर कधी उभा राहिला नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बार्सिलोना विमानतळावर त्यांना अटक झाली ती अमेरिकेतल्या करचुकवेगिरीच्या आरोपावरून. २०१४ ते २०१८ या वर्षांची विवरणपत्रं त्यांनी भरली नाहीत, असा तो आरोप होता. आपण आठ वर्षं विवरणपत्र भरलेलं नाही, हे त्यांनी स्वतःच २०१९ मध्ये ट्विटरवर जाहीर केलं होतं.

थेरॅनोस या रक्तचाचणी कंपनीच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांचा काळा टर्टलनेक जगभर गाजला. खटल्यात वजन पडलं ते कागदांचं. औषध कंपन्यांची बोधचिन्हं थेरॅनोसच्या अहवालांवर आपणच लावली, हे त्यांना साक्षीत मान्य करावं लागलं. जानेवारी २०२२ मध्ये ११ पैकी ४ आरोपांत त्या दोषी ठरल्या. चारही आरोप गुंतवणूकदारांच्या फसवणुकीशी संबंधित होते. शिक्षा ११ वर्षं ३ महिने.

एफटीएक्स या क्रिप्टोचलनाच्या बाजाराचे संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड यांचं उदाहरण तर बाईंच्या प्रश्नाला थेट लागू पडतं. विस्कटलेले केस, अर्धी चड्डी, बीनबॅगवर झोप. त्यांच्या एकेकाळच्या सहकारी कॅरोलाइन एलिसन यांनी साक्षीत सांगितलं की केस आणि साधी टोयोटा कोरोला हा बँकमन-फ्राइड यांच्या लेखी प्रतिमेचा भाग होता. म्हणजे विक्षिप्तपणाही जाणूनबुजून जपलेला असू शकतो. २५ वर्षांची शिक्षा झाली ती ग्राहकांचा पैसा स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवल्याबद्दल.

उलटं उदाहरणही लक्षात ठेवावं. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे रामलिंग राजू सौम्य बोलणारे आणि शिस्तीचे होते. रुग्णवाहिका सेवेसारखी कामं त्यांनी उभी केली होती. डाव्या बाजूला लिहायला काहीच नाही. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात त्यांनी कबूल केलं की ताळेबंदात ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँकशिल्लक दाखवली आहे, ती अस्तित्वातच नाही. खरा नफा आणि दाखवलेला नफा यांच्यातली सुरुवातीची किरकोळ तफावत वाढत गेली, असं त्यांनी लिहिलं होतं. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी धरलं, त्यात त्यांचे दोन भाऊ होते. नंतर अपील झालं, जामीन मिळाला. पण भावांची नावं त्या यादीत आली, हे ‘नावापुरती’ सही करणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने वाचायला हवं.

ॲपलच्या प्रकरणातही हेच दिसतं. स्टीव्ह जॉब्ज अनवाणी फिरत, कधी नुसती फळं खाऊन राहत, बिननंबरची गाडी चालवत. समभाग-पर्यायांवर (ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याच्या हक्कांवर) मागच्या तारखा टाकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या बाजार नियामकाने २००७ मध्ये कारवाई केली ती कंपनीच्या माजी कायदाप्रमुख आणि माजी वित्तप्रमुखांवर. जॉब्ज यांच्यावर झाली नाही.

तेव्हा उजव्या बाजूला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. गुंतवणूकदारांना कळवलेला आकडा आणि हिशोबातला आकडा एकच आहे का? ग्राहकांचा पैसा वेगळ्या खात्यात आहे का? कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारजमा झाला का? पैशाबद्दलचे संदेश पुसले जातात का? आणि सगळ्यांत मोलाचा प्रश्न: कंपनीत त्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस आहे का, आणि शेवटचा तसा माणूस कधी सोडून गेला?

बाईंनी घरी जाऊन शोध घेतला. तपासाच्या थाटात कपाटं उचकटू नका, स्वतःच्या सहीचे कागद मागा, तो तुमचा हक्क आहे, एवढंच सांगितलं होतं. दोन गोष्टी निघाल्या. फुकट चाचणी वापरणारे लोक पैसे भरणाऱ्या ग्राहकांत मोजले गेले होते, आणि कापलेला कर काही महिने भरलेला नव्हता. मग महिने जुळवून पाहिले. अनवाणी चालणं कॉलेजपासूनचं, एकवेळचं जेवण दोन वर्षांपूर्वीचं. रात्री तीनला उठणं मात्र चुकीचा आकडा पहिल्यांदा पाठवला त्याच महिन्यातलं. जे वागणं घरी प्रतिभेच्या नावाखाली खपवलं जात होतं, त्यातलं निदान एवढं तरी भीतीचं होतं.

तरीही आजाराची शक्यता अशी अंदाजाने सोडून देता येत नाही. तिथे तुलना जॉब्ज यांच्याशी करायची नसते. त्याच माणसाच्या पूर्वीच्या वागण्याशी करायची असते. दोन आठवड्यांची झोपेची नोंद फार उपयोगी पडते: झोपला कधी, उठला कधी, आणि दुसऱ्या दिवशी थकलेला होता का. तिसरी नोंद सर्वांत बोलकी. काम किंवा काळजीमुळे तीन तास झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातो. उन्मादाकडे झुकलेला माणूस तेवढ्याच झोपेवर ताजातवाना असतो, अखंड बोलतो, विचारांची गर्दी होते, स्वतःबद्दल अवास्तव कल्पना करतो, बेफाम खर्च करतो. मनःस्थितीतला आणि उत्साहातला असा बदल सलग चार दिवस टिकला तर सौम्य उन्मादाची, सात दिवस टिकला तर पूर्ण उन्मादाची शक्यता मानसोपचारतज्ज्ञ तपासतात. निदान त्यांनीच करायचं. इथे एक चूक नेहमी होते. ‘ताण आहे’ एवढंच सांगून ओळखीच्या डॉक्टरांकडून नैराश्यावरची गोळी सुरू केली जाते. मूळ आजार द्विध्रुवीय, म्हणजे उन्माद आणि नैराश्य दोन्ही येणारा, असेल तर नुसत्या त्या गोळीने उन्माद भडकू शकतो. म्हणून झोपेची नोंद आणि घराण्यातला आजारांचा इतिहास सोबत न्यावा. या गृहस्थांच्या नोंदीत दुपारची पेंग आणि थकवाच दिसला. तज्ज्ञांचं निदान चिंताविकाराचं झालं.

त्याच्याशी बोलायचं कसं, यावर बराच वेळ दिला. ‘तुला वेड लागलंय’ किंवा ‘तू आम्हाला बुडवणार’ या वाक्यांना तो तयार उत्तर देणार. दिसलेली गोष्ट आणि स्वतःची मर्यादा, एवढंच सांगायचं. बाईंनी तयार केलेलं वाक्य असं होतं: ‘मार्चपासून तू तीनला उठतोस. त्याच महिन्यात मी सही केलेल्या अहवालातला ग्राहकांचा आकडा मला जुळत नाही. जुळेपर्यंत मी सही करणार नाही, आणि मी माझा वकील बघतेय.’ तो आधी चिडला, दोन दिवस बोलला नाही. मग स्वतःच आकडे घेऊन बसला.

‘माझा वकील’ हे शब्द मुद्दाम घातले होते. कंपनीचा वकील कंपनीचा असतो, संचालक असलेल्या पत्नीचा नव्हे आणि संस्थापकाचाही नव्हे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या अपजॉन निकालापासून हे पक्कं आहे: कंपनीच्या वकिलाशी झालेल्या बोलण्याच्या गोपनीयतेचा हक्क कंपनीचा, आणि तो सोडून द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते. समुपदेशनाच्या खोलीलाही मर्यादा आहे. मानसोपचारातलं बोलणं अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९९६ पासून संरक्षित आहे, पण हे संरक्षण देशादेशांत बदलतं. म्हणून आमच्याकडे भीती, राग, नातं याबद्दल मोकळेपणाने बोला. कोणत्या तारखेला कोणता आकडा कोणी बदलला, हे वकिलासमोर बोला.

काहीही पुसू नका, हे तर पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. आपोआप पुसले जाणारे मेसेज त्याच दिवशी बंद करायचे. घाबरून फोन साफ करणारा नातेवाईक मूळ घोटाळ्यात नसला तरी नव्या गुन्ह्यात अडकू शकतो. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने तपास अडवण्यासाठी कागद नष्ट करण्याला २० वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. राजीनाम्याचंही तसंच. राजीनामा दिल्याने त्याआधीच्या काळाची जबाबदारी जात नाही. तो कंपनी नोंदणी कार्यालयात नोंदला गेला नाही तर नाव तसंच राहतं. आणि मागची तारीख घालून दिलेला राजीनामा हा स्वतःच बनावट दस्तऐवज ठरतो.

स्वतःहून दुरुस्ती करण्याची भीती त्या गृहस्थांना सर्वांत जास्त वाटत होती. शिक्षेत वेळेचा आणि सहकार्याचा किती फरक पडतो, ते एफटीएक्समध्ये दिसतं. एलिसन यांनी गुन्हा कबूल करून साक्ष दिली, त्यांना २ वर्षं. तशीच साक्ष देणारे गॅरी वाँग आणि निषाद सिंग यांना तुरुंगवास नाही. बँकमन-फ्राइड मात्र कंपनी बुडाल्यावर मुलाखती देत राहिले आणि ती वाक्यं खटल्यात त्यांच्याच विरोधात वापरली गेली. एलिसन यांचं खासगी लिखाण पत्रकाराला दाखवल्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये बँकमन-फ्राइड यांचा जामीनही गेला. बोलायचं ते वकिलामार्फत, आणि लवकर.

थकलेला कर व्याजासह भरला गेला. गुंतवणूकदारांना वकिलांमार्फत सुधारित आकडे गेले. एकाने अंग काढून घेतलं, एकाने नोटीस पाठवली. नोटीस येण्याआधीच घरात एक गोष्ट ठरवून ठेवली होती. नोटीस, अटक, निकाल किंवा बातमी येण्याचा दिवस जिवाला धोक्याचा असू शकतो. मॅकॅफी यांचा मृत्यू प्रत्यार्पणाला मंजुरी मिळाल्यानंतर काही तासांतच, २३ जून २०२१ रोजी, तुरुंगात झाला. अशा दिवशी माणसाला एकटं ठेवायचं नाही. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं सरळ विचारायचं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात घातली जात नाही. झोपेच्या गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा. नोटीस आली त्या रात्री मोठा भाऊ मुक्कामाला आला, बाईंनी प्रश्न विचारला, आणि उत्तर ‘हो, कधीकधी’ असं आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

मुलाला काय सांगायचं, हे शेवटी राहिलं होतं. दहा वर्षांच्या मुलाला शाळेत काही ऐकू येण्याआधी घरी कळलं पाहिजे, आणि दोन्ही पालकांनी एकत्र बसून सांगितलं पाहिजे. ठरलेली वाक्यं अशी होती: ‘बाबांच्या कंपनीने काही आकडे चुकीचे सांगितले होते. आता ते दुरुस्त करतायत. त्यासाठी वकील मदत करतायत. तुला कोणी काही विचारलं तर मला माहीत नाही म्हण आणि आम्हाला येऊन सांग.’ मुलाने पहिला प्रश्न विचारला, घर बदलावं लागेल का? त्याला खरं तेच सांगितलं: अजून ठरलेलं नाही, ठरलं की सगळ्यात आधी तुला सांगू.