फादर, इतक्या वर्षांनी आलो तर चालेल?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूजवळ आपली पापं सांगून क्षमा मागणं (कन्फेशन), हाच आहे, म्हणून सगळं सदर त्यालाच देतो. आधी एक सांगून ठेवतो. खालची उदाहरणं मी रचलेली आहेत. पापनिवेदन ऐकायला बसल्यावर कानावर पडलेलं काहीही मी लिहीत नाही, नाव-गाव बदलूनसुद्धा नाही. माझा अनुभव जिथे येईल तिथे तो गुडघे टेकणाऱ्याचा आहे, कारण इतरांसारखा मीही दुसऱ्या धर्मगुरूकडे जातो.

पहिलं पत्र: फादर, लग्नाच्या आधी कधीतरी पापनिवेदन केलं होतं. आता मुलं कॉलेजात आहेत. रांगेत उभा राहतो आणि माझी पाळी येण्याआधीच निघून येतो. काय बोलायचं तेच विसरलोय. शिवाय इतक्या वर्षांचा हिशेब देणार कसा?

तुम्ही रांगेपर्यंत जाता, म्हणजे अर्ध्याहून जास्त वाट तुम्ही चाललेलाच आहात. उरलेली सांगतो.

आत गेलात की क्रुसाची खूण करा आणि पहिलंच वाक्य असं बोला: ‘फादर, मला येऊन खूप वर्षं झाली, कसं करायचं ते आठवत नाही, मदत करा.’ एवढं पुरेसं आहे. पुढचं काम फादरचं. ते विचारत जातील, तुम्ही उत्तरं देत जा. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा. समोरासमोर बसायचा संकोच वाटत असेल तर जाळीच्या आडून बोला. अशी जाळी असलेली जागा चर्चमध्ये असायलाच हवी, असं ख्रिस्तसभेचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, कायदाच सांगतो. आपल्या पॅरिशचे, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चचे, फादर रोज भेटतात म्हणून अवघडल्यासारखं होत असेल, तर दुसऱ्या कुठल्याही पॅरिशमध्ये जा. कोणाकडे पापनिवेदन करायचं हे निवडण्याचा हक्क तुमचा आहे, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

आता हिशेबाचं. तुमच्याकडून मागितली जातात ती गंभीर पापं: बाब गंभीर, ती गंभीर आहे हे ठाऊक, आणि तरी समजून-उमजून केलेली. ती कोणती आणि साधारण किती वेळा, एवढं सांगायचं. ‘त्या काळात महिन्यातून बरेचदा’ हेही उत्तर आहे. मनापासून आठवूनही एखादं राहून गेलं, तर त्याचीही क्षमा झालेली असते; पुढे आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं. जाणूनबुजून दडवलं तर मात्र सगळं पापनिवेदनच फोल ठरतं. तेव्हा जे सांगायला जीभ सर्वांत जास्त अडते, ते सर्वांत आधी सांगून मोकळे व्हा.

आणि सांगायचं ते सरळ सांगा. ‘फादर, मी जरा रागीट आहे’ हे स्वभावाचं वर्णन झालं. ‘वडिलांच्या औषधाच्या पैशांवरून भावाला नको ते बोललो आणि तेव्हापासून त्याचा फोन उचललेला नाही’ हे पापनिवेदन. एका वाक्यात झालं. त्याच्यापुढे भाऊ कसा वागला, वहिनीनं काय लावून दिलं, हे सुरू झालं की आपण दुसऱ्यांची पापं सांगू लागतो. ती सांगायला ते येतील.

शेवटी फादर तुम्हाला प्रायश्चित्त देतील. एखादी प्रार्थना असेल, किंवा कदाचित भावाला फोन करा म्हणतील. ती क्षमेची किंमत नव्हे, बरं होण्याची सुरुवात आहे. मग ते हात पुढे करून पापक्षमेचे शब्द उच्चारतील. तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे: त्या क्षणी डोक्यात ‘काही राहिलं का?’ हे चालू ठेवू नका. ते शब्द ऐका. लोक येतात ते आपण काय बोलणार याची धास्ती घेऊन, आणि परत जाताना आपण काय बोललो तेच घोळवत जातात. पण हा संस्कार उभा आहे तो तुम्हाला जे ऐकवलं जातं त्यावर: ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला तुझ्या पापांतून मुक्त करतो.’ मी स्वतः गुडघे टेकतो तेव्हा याच वाक्यासाठी टेकतो.

दुसरं पत्र: मी ख्रिस्ती नाही, पण माझी जिवलग मैत्रीण कॅथलिक आहे. देव सगळं जाणतो, तर त्याला थेट सांगायचं सोडून माणसाला का सांगायचं? तो माणूसही पापीच ना?

पापीच. म्हणून तर तोही रांगेत असतो. पोपसुद्धा. 28 मार्च 2014 रोजी सेंट पीटर्स बॅसिलिकातल्या प्रार्थनाविधीत पोप फ्रान्सिस स्वतः पापनिवेदन ऐकायला बसणार होते. त्याआधी ते वाट वाकडी करून एका साध्या धर्मगुरूपुढे सर्वांच्या देखत गुडघे टेकून बसले आणि त्यांनी आपलं पापनिवेदन केलं. कुठलाही धर्मगुरू स्वतःला स्वतः पापक्षमा देऊ शकत नाही.

देवाशी थेट बोलायला कोणी अडवलेलं नाही. रोज बोलावंच. लहानसहान पापांची क्षमा तशा प्रार्थनेनं, मिस्सेतल्या (चर्चमधल्या उपासनेतल्या) पश्चात्तापानं, दानधर्मानं होते, असं आम्ही मानतो. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी, दारं बंद करून भेदरून बसलेल्या शिष्यांमध्ये येशू येतो, त्यांच्यावर फुंकर घालतो आणि सांगतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झालेली आहे. हे काम त्यानं माणसांच्या हाती दिलं, आणि तीही कशी माणसं! तीन दिवसांपूर्वी त्याला सोडून पळालेली.

पहिल्या शतकांत हा मार्ग फार खडतर होता. खून, व्यभिचार किंवा छळाच्या भीतीनं श्रद्धा नाकारणं अशा पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त असे, अनेकदा वर्षानुवर्षांचं. आणि बाप्तिस्म्यानंतर अशी संधी आयुष्यात एकदाच मिळे. लोक मग ती मरणघडीपर्यंत लांबणीवर टाकत. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगीत, पुन्हा पुन्हा करता येणारं पापनिवेदन युरोपभर नेलं. आज आपण करतो ते त्यातूनच आलं. 1215च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनं वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याचा नियम घातला.

माझं स्वतःचं म्हणणं विचाराल तर सांगतो. एकट्यानं मनातल्या मनात माफी मागताना देवाचा आवाज कुठला आणि माझ्या सोयीचा आवाज कुठला, हे मला ओळखता येत नाही. कधी मी स्वतःला फार लवकर सोडतो, कधी सोडतच नाही. क्षमा बाहेरून, दुसऱ्याच्या तोंडून कानावर आली की तिच्यात माझी लबाडी मिसळत नाही. तुमच्या मैत्रिणीला विचारा, ती कदाचित याहून सोप्या शब्दांत सांगेल.

तिसरं पत्र: आठवड्यातून दोन-तीनदा पापनिवेदन करते. बाहेर पडले की वाटतं, नीट सांगितलं नाही, पश्चात्ताप खरा नव्हता. परत जाते. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घेताना हात कापतात. फादर, मला देव क्षमा करत नाही का?

ताई, देवानं तुम्हाला क्षमा केली आहे. पहिल्याच वेळी.

तुमचं दुखणं जुनं आहे आणि मोठमोठ्या संतांनी ते भोगलंय. 1522 साली, पुढे येशूसंघ (जेझुइट) स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोला यांनी स्पेनमधल्या मोंतसेरातच्या मठात तीन दिवस, लिहून काढून, आयुष्यभराचं पापनिवेदन केलं. त्यानंतर जवळच्या मानरेसा गावी राहत असताना त्यांना वाटत राहिलं की काहीतरी राहिलंच. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. त्यांच्या धर्मगुरूनं सांगितलं की मागचं काही आता सांगायचं नाही, अगदी स्पष्ट असेल तरच सांगा. त्यानं उलट त्रास वाढला, कारण त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! ‘स्पष्ट असेल तर’ ही एवढीशी फटसुद्धा अशा मनाला पुरते. पुढे त्यांनी ठरवलं की मागचं काहीही पुन्हा सांगायचं नाही, आणि त्यातून ते सुटले.

म्हणून तुम्हाला मी फट न ठेवता सांगतो. एकच धर्मगुरू धरा, आणि हे पत्र जसं मला लिहिलंत तसं सगळं त्यांना सांगा. ते ठरवतील तेवढ्याच अंतरानं जा. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही, शंका आली तरी नाही. ‘हे गंभीर पाप होतं की नव्हतं?’ असा प्रश्न तुमच्या मनाला पडला, तर तुमच्यापुरतं उत्तर ‘नव्हतं’ हेच, आणि त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घ्यायचाच. यात तुम्ही ढिलाई करत नाही, आज्ञापालन करता. पश्चात्ताप मनाला किती जाणवला यावर तो खरा ठरत नाही. पापाकडे पाठ फिरवण्याचा निश्चय केलात तेव्हाच तो खरा झाला. रडू आलं नाही म्हणून तो खोटा होत नाही.

आणखी एक. हात पुन्हा पुन्हा धुणं, कडी लावली का ते दहादा पाहणं, असंही काही होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ आणि पापनिवेदन एकमेकांच्या आड येत नाहीत. मला पुन्हा लिहा. पण पापांची यादी पाठवू नका, झोप लागते का, जेवण जातं का, ते कळवा.

चौथं पत्र: मालकाच्या व्यवसायातले पैसे मी काही वर्षं थोडे थोडे काढले. पापनिवेदन केलं, क्षमा मिळाली. मग विषय संपला ना?

क्षमा मिळाली हे खरं, पण पैसे अजून तुमच्याकडे आहेत. परत करण्याची इच्छाच नसेल, तर पश्चात्ताप तरी कसला? पूर्ण रक्कम एकदम जमत नसेल तर हप्त्यांनी द्या. आपलं नाव उघड करण्याची सक्ती नाही. निनावी पाठवता येतात, किंवा तुम्ही सांगितलंत तर फादरांमार्फतही पोचवता येतात. मालक हयात नसतील तर वारसांना. कोणीच सापडत नसेल तर गरिबांना.

पाचवं पत्र: मी जे सांगेन ते फादर कधी माझ्या नवऱ्याला, पोलिसांना, बिशपना सांगू शकतात का? आणि एखाद्यानं मुलांवर अत्याचार केल्याचं सांगितलं तर?

नाही. कोणालाही नाही, कधीही नाही, तुमच्या मृत्यूनंतरही नाही. ही गुप्तता थेट मोडणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो, आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार पोपच्या आसनाकडे राखलेला आहे. कानावर चुकून पडलं, किंवा दुभाषा म्हणून बसला, अशा माणसावरही गुप्ततेचं बंधन आहे. हे किती दूर जातं पाहा. समजा, चर्चची देखभाल करणाऱ्यानं दानपेटीतून पैसे चोरल्याचं माझ्याजवळ पापनिवेदनात सांगितलं. मी त्याच्याकडून किल्ली काढून घेऊ शकत नाही. पेटीचं कुलूप त्या कारणानं बदलू शकत नाही. बाहेर भेटल्यावर त्याच्याजवळसुद्धा, त्यानं परवानगी दिल्याशिवाय, विषय काढू शकत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न फार जड आहे आणि तो विचारलात हे चांगलं केलंत. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांनी अशी माहिती पोलिसांना देणं धर्मगुरूंवर कायद्यानं बंधनकारक केलं आहे. ख्रिस्तसभेनं गुप्तता मोडायला नकार दिला. ‘पोलिसांकडे जाऊन गुन्हा कबूल केलास तरच पापक्षमा देईन’ अशी अट धर्मगुरूला घालता येत नाही. पापक्षमेशी संबंधित बाबी पाहणाऱ्या रोममधल्या अपॉस्टॉलिक पेनिटेन्शरी या कार्यालयानं 2019च्या टिपणात हे पुन्हा स्पष्ट केलं. पण खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय दिसलाच पाहिजे. नसेल, तर पापक्षमा नाही.

आणि पापनिवेदनाला आलेला माणूसच बळी असेल, तर? तेव्हा धर्मगुरूनं त्याला त्याचे हक्क, तक्रार कुठे आणि कशी करायची, हे समजावलंच पाहिजे, असं तेच टिपण सांगतं. मी असं म्हणेन: ‘बाळा, यात तुझं पाप काहीच नाही. हेच मला बाहेर येऊन सांग, मग मला हात-पाय हलवता येतील.’ बाहेर सांगितलेलं गुप्ततेच्या बंधनात येत नाही, आणि त्यावर गप्प बसणारा धर्मगुरू मोठा गुन्हा करतो. ही गुप्तता संस्थेची अब्रू झाकायला नाही. तिचा तसा वापर जिथे झाला असेल तिथे तो अधर्म आहे, मग करणारा कितीही वरच्या पदावरचा असो.

सहावं पत्र: फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पापनिवेदन चालतं का? आजारी माणसाचं काय?

चालत नाही. धर्मगुरू आणि पापनिवेदन करणारा एकमेकांसमोर हजर असावे लागतात. आजारी माणसाकडे फादरांना बोलवा, ते घरी, इस्पितळात येतात. त्यांना त्रास होईल म्हणून थांबू नका.

कोणीच पोचू शकत नसेल, तर देवावरच्या प्रेमापोटी केलेला पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय, एवढ्यानं गंभीर पापांचीही क्षमा होते. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या साथीत माणसं एकटी मरत होती तेव्हा, रोमनं याची मुद्दाम आठवण करून दिली होती. आणि माणूस मरणाच्या दारात असेल, तर धर्मगुरूपद सोडून संसाराला लागलेला माणूसही त्याचं पापनिवेदन ऐकून त्याला पापक्षमा देऊ शकतो. असा कोणी तुमच्या ओळखीचा असेल, तर त्या वेळी संकोच न करता त्याला हाक मारा. त्यानं नाही म्हणायचं नसतं.