ओव्हरटेक चालू असताना रिप्लेच का?

प्रश्न : फॉर्म्युला वनमध्ये दोन गाड्या बरोबरीने धावत असतात आणि नेमकं तेव्हाच दुसरं काहीतरी दाखवतात. चॅनल बदलला तर फायदा होईल का?

उत्तर : नाही. शर्यतीचं मूळ चित्रण एकच असतं आणि तेच जगभर जातं. चॅनलची असते ती कॉमेंट्री. मोनॅकोच्या शर्यतीत चित्रणाचं काम बरीच वर्षं स्थानिक वाहिनीकडे होतं. 2021 मध्ये पिटमधून (टायर बदलण्याच्या थांब्यातून) निघालेला ड्रायव्हर वेटेल दुसरा ड्रायव्हर गास्लीच्या बरोबरीने चढ चढत होता आणि पडद्यावर आला तिसराच ड्रायव्हर स्ट्रोल कर्बला, म्हणजे ट्रॅकच्या कडेला, घासल्याचा रिप्ले! अक्षम्यच. 2023 पासून हे चित्रण फॉर्म्युला वनने स्वतःकडे घेतलं.

तुमच्या हातात आहे ते लाइव्ह टायमिंग, म्हणजे गाड्यांमधलं वेळेचं अंतर त्या क्षणी दाखवणारा तक्ता. फोनवर ते उघडा आणि ‘गॅप’ऐवजी ‘इंटरव्हल’चा रकाना पाहा : गॅप आघाडीवीरापासूनचा, इंटरव्हल लगेच पुढच्या गाडीपासूनचा. हा इंटरव्हल लॅपमागून लॅप घटून एक सेकंदाच्या आत आला की झुंज जवळ आली समजा. पिटस्टॉपच्या वेळी तर नजर तिथेच हवी. मात्र स्ट्रीमिंग मागे असतं, टायमिंग पुढे धावतं. निकाल आधीच कळायला नको असेल तर फोन पालथा ठेवा.