लक्झरी घर : विलासी, आलिशान की ऐसपैस?

म्हापशाहून एकाने विचारलंय, आसगावातल्या एका व्हिलाचं ब्रोशर मराठीत करायचंय, तर "लक्झरी"ला शब्द काय वापरू? त्याने "विलासी घर" लिहिलं आणि मालक भडकला. भडकणारच, विलासी म्हटलं की आपल्याला फडावर दौलतजादा करणारा पाटीलच दिसतो.

पण मूळ शब्द तरी कुठे सोवळा आहे. लॅटिन लुक्सुरिया म्हणजे अतिरेक, आणि चर्चने जी सात महापापं मोजली त्यात कामवासनेला हेच नाव. आपल्या गोव्यातल्या जुन्या मंडळींना विचारा, पोर्तुगीजमध्ये अजून लुशूरिया म्हणजे वासना, चैनीला वेगळा शब्द, लुशु. (आणि आपल्याकडे नुसतं "लक्झरी" म्हटलं तर रात्रीची मुंबईची बस, ते सोडा.)

आता "चैन" बघा. चैन करणं म्हणजे उधळपट्टी, पण "चैन पडत नाही" म्हणतो तेव्हा तीच चैन म्हणजे जिवाची स्वस्थता, हिंदीत तर मुख्य अर्थ तोच. एकाच शब्दात पैसे उडवणं पण आणि जिवाला बरं वाटणं पण, फक्त क्रियापद बदललं. घराच्या बाबतीत खरा प्रश्न हाच ना, की तिथे चैन करता येते की चैन पडते?

माझं मत "ऐसपैस"ला. "आलिशान" हा बाहेरून बघणाऱ्याचा शब्द, गेटपाशी उभं राहून म्हणायचा, ऐसपैस मात्र आत पाय पसरून बसलेल्याचा. त्यातला "पैस" म्हणजे विस्तार, मोकळी जागा, नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या खांबाला पैसाचा खांब म्हणतात तोच.

फोंड्याकडे आमच्या मामाचं घर आहे, फर्निचर म्हणाल तर दोन बाक आणि एक कुरकुरणारी आरामखुर्ची. पण मध्ये राजांगण, त्यात तुळस, पावसात चारी बाजूंच्या कौलांवरून धारा आत पडतात आणि मामी सोप्यावर बसून फणसाचे गरे काढते, दुपारी पंखा लावायची गरज पडत नाही. विकत घेतलेलं असं त्यात काहीच दिसत नाही, पण तिथून उठवत नाही. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने 1984 साली छापलेलं निरीक्षण आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत, तर झाडंवाले लवकर घरी गेले आणि कडक वेदनाशामकं पण कमी लागली. मामीला हे सांगितलं तर हसेल.

तर ब्रोशरमध्ये "ऐसपैस घर" लिहा, पण आधी एकदा जाऊन बघून या. अंगण नसेल, खिडक्या काचेच्या आणि कायमच्या बंद, दिवसभर एसी, तर मग खुशाल आलिशान लिहा, मालक पण खूश होईल.