बीटा पेशींवर (स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर) काम सुरू करताय?

स्वागत! लगेच जनुकांच्या याद्या पाठ करत बसू नका. आधी सूक्ष्मदर्शकाखाली आयलेट, म्हणजे बीटा पेशी ज्यात असतात ते पेशींचे छोटे पुंजके, ओळखायला शिका. स्वादुपिंडाचा जेमतेम १ ते २ टक्के भाग त्यांचा, बाकी बहुतेक पाचकरसांचा कारखाना.

नवखे हमखास अडखळतात ते इथे:

- उंदराच्या आयलेटमध्ये बीटा पेशी मधोमध असतात, माणसात त्या अल्फा पेशींत (रक्तातली साखर वाढवणारं संप्रेरक सोडणाऱ्या पेशींत) मिसळलेल्या. उंदरावरचा निष्कर्ष माणसाला थेट चिकटवू नका.
- रुग्ण इन्सुलिन टोचून घेत असेल तर रक्तातलं इन्सुलिन मोजून त्याच्या बीटा पेशींचं काम कळत नाही. सी-पेप्टाइड (इन्सुलिन तयार होताना सुटणारा प्रथिनाचा तुकडा) मोजा. बीटा पेशी ते इन्सुलिनच्या जोडीने, रेणूस रेणू सोडतात. इंजेक्शनात ते नसतं. (मीही इथेच आपटलो होतो!)
- टाइप १ आणि टाइप २ मधुमेहाची सरमिसळ नको.

स्टेम पेशींचं नंतर बघू.